आवाज लागला की दिवे मंदावतात, प्रॉप मध्येच बंद पडतो: सेल बदलूनही परत येणारी अडचण

प्रॉप म्हणजे नाटकात वापरायची नकली वस्तू, इथे दिवे आणि आवाज असलेली बंदूक. दिवे एकटे लावले तर लागतात. आवाज एकटा लावला तर स्वच्छ ऐकू येतो. दोन्ही एकत्र लावले की बिनसतं. चाप ओढल्यावर स्फोटाचा आवाज सुरू होतो न होतो तोच तुटतो, दिवे क्षणभर मंद होतात आणि आत्ताच चालू केल्यासारखा प्रॉप सुरुवातीचा आवाज पुन्हा वाजवू लागतो. सेल बदलले की सगळं सुरळीत. अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा तेच.

मी हे लिहितोय ते एका किरण-बंदुकीमुळे. फोम आणि थ्रीडी प्रिंट केलेले भाग जोडून एका हौशी नाटकासाठी केली होती. मुठीत तीन पेन्सिल सेल, मध्ये आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड), आवाजासाठी डीएफप्लेअर मिनी (कार्डवरच्या फाइली वाजवणारं मॉड्यूल) आणि ४ ओहमचा छोटा स्पीकर, नळीच्या टोकाला १२ एलईडींची डब्ल्यूएस२८१२बी रिंग (प्रत्येक दिव्याचा रंग प्रोग्रामने ठरवता येतो अशी). टेबलावर चालली. तालमीत दोनदा चालली, तिसऱ्यांदा बंद पडली. मी प्रोग्राम नव्याने लिहिला, आवाजाचं मॉड्यूल बदललं, कार्ड पुन्हा फॉरमॅट केलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. बिघाड होता सेलपासून सर्किटपर्यंतच्या वाटेवर, आणि तिथे मी एकदाही मीटर लावला नव्हता.

म्हणून पहिलीच गोष्ट सांगतो. नवे सेल घातल्यावर प्रॉप चालला, याचा अर्थ सेल संपले होते असा होत नाही. तुमच्या सर्किटला जेमतेम पुरेल एवढंच व्होल्टेज मिळतंय आणि नव्या सेलमुळे ते काठावरून थोडं वर आलंय, एवढाच त्याचा अर्थ. सेल थोडे उतरले की ते परत काठाखाली जाणार.

नेमकं काय होतं

प्रत्येक सेलच्या आत स्वतःचा थोडा रोध असतो. सेलमधून करंट ओढला की त्या रोधावर काही व्होल्टेज आतच खर्च होतं आणि बाहेर कमी मिळतं. खालच्या मजल्यावर नळ पूर्ण सोडला की वरच्या मजल्यावरची धार बारीक होते, तसंच. टाकीत पाणी भरपूर असतं, पण पाइप तेवढं एकदम देऊ शकत नाही.

माझ्या बंदुकीचा हिशोब मांडतो, तुम्ही तुमचा मांडा. डब्ल्यूएस२८१२बी जातीचा एक एलईडी पूर्ण पांढरा असताना सुमारे ६० मिलीअँपिअर खातो, कारण आत लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे असतात आणि प्रत्येकाला साधारण २० लागतात. १२ एलईडींचे झाले ७२० मिलीअँपिअर. डीएफप्लेअर मिनीत ३ वॅटचा अँप्लिफायर असतो. ४ ओहमच्या स्पीकरवर मोठा धमाका वाजला की त्या क्षणापुरती मागणी १ अँपिअरच्या आसपास जाते. नॅनोचे वीस-पंचवीस मिलीअँपिअर धरून एकूण पावणेदोन अँपिअरच्या घरात.

नव्या अल्कलाइन पेन्सिल सेलचा आतला रोध साधारण ०.१५ ते ०.३ ओहम असतो. तीन सेल ओळीत म्हणजे ०.४५ ते ०.९. मधला ०.७ धरला तर १.७ गुणिले ०.७, म्हणजे १.२ व्होल्ट सेलच्या आतच गेले. ४.५ मधून उरले ३.३. डीएफप्लेअर मिनीला किमान ३.२ लागतात. नॅनोवरची एटीमेगा३२८पी चिप १६ मेगाहर्ट्झवर चालवायची तर तिच्या माहितीपत्रकातल्या आलेखाप्रमाणे साधारण ३.८ व्होल्ट हवेत, आणि २.७ च्या खाली गेलं की ती स्वतःहून रीसेट होते. म्हणजे सेल नवे असतानाच आपण धोक्याच्या पट्ट्यात उभे आहोत. वायर, स्प्रिंग आणि खटका (चालू-बंदचा स्विच) यांचा रोध अजून धरलेलाच नाही. प्रत्यक्षात व्होल्टेज पडलं की करंटही थोडा घटतो, त्यामुळे आकडे इतके काटेकोर उतरत नाहीत, पण अंदाजाला हा हिशोब पुरेसा आहे. सेल जुना होत गेला की आतला रोध वाढत जातो. थंडीतही वाढतो. नव्या सेलवर चाललेला प्रॉप अर्ध्या तासाने बंद पडतो तो यामुळे.

आधी निदान

मीटर नसला तरी एक खूण डोळ्यांनी दिसते. रिंग पूर्ण पांढरी करा आणि आवाज लावा. आवाज चढताना पांढरा उजेड पिवळसर किंवा लालसर झाला तर व्होल्टेज पडतंय हे नक्की. निळ्या आणि हिरव्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट किंवा थोडे जास्त लागतात, लालला सुमारे २ पुरतात. व्होल्टेज कमी झालं की निळा आधी मान टाकतो आणि लाल टिकून राहतो.

दुसरी खूण प्रोग्राममध्ये घालून ठेवा. सुरुवातीच्या भागात, बाकी काहीही करायच्या आधी, नॅनोवरचा १३ क्रमांकाच्या पिनचा छोटा दिवा तीनदा लुकलुकवा. खेळताना मध्येच तो तीनदा लुकलुकला तर नॅनो रीसेट झाला. न लुकलुकता फक्त आवाज तुटला तर नॅनो शाबूत आहे आणि फक्त डीएफप्लेअर बंद पडला. एवढा फरक कळला तरी पुढची शोधाशोध निम्म्यावर येते.

आता मीटर. इथे बरेच जण फसतात. सेलवर मीटर लावतात, ४.४ दिसतं, "सेल तर ठीक आहेत" म्हणून मोकळे होतात. ते व्होल्टेज आरामातलं आहे. आपल्याला ओझ्याखालचं हवं. आणि साधा मल्टीमीटर सेकंदाला दोन-तीनच वाचनं दाखवतो, त्यामुळे काही मिलीसेकंदांची घसरण त्याला दिसतच नाही.

यावर मी केलेला उपाय असा. घसरण क्षणभराची न ठेवता लांबवायची. कार्डवर १ किलोहर्ट्झचा सलग सूर असलेली दहा सेकंदांची फाइल टाका आणि तेवढ्यासाठी एक वेगळा चाचणीचा प्रोग्राम लिहा: सगळे एलईडी पांढरे, आवाज पूर्ण, सूर चालू. आता मीटरला वाचायला वेळ मिळतो. दहा सेकंदांहून जास्त वाजवू नका, छोट्या स्पीकरची कॉइल तापते. या चाचणीतच प्रॉप रीसेट व्हायला लागला तर रिंगचा उजेड निम्मा करा आणि वाचन घ्या. तुलना करायला तेवढंही पुरतं.

तीन जागी मोजा. सेलच्या दोन टोकांवर, खटक्यानंतर, आणि डीएफप्लेअरच्या स्वतःच्या पिनांवर. माझ्याकडे आरामात सगळीकडे ४.६ होतं. ओझं आल्यावर सेलवर ३.५ आणि मॉड्यूलवर ३.०. वरचं १.१ सेलने खाल्लं आणि उरलेला अर्धा व्होल्ट वाटेने. दोन वेगळे चोर, दोघांना वेगळं पकडावं लागलं.

करंट मोजायच्या फंदात इथे पडू नका. करंट मोजताना मीटर ओळीत लावावा लागतो आणि मीटरचा, त्याच्या वायरींचा रोध वाटेत येतो. चालणारा प्रॉपही त्यामुळे बंद पडेल आणि तुम्ही भलत्याच निष्कर्षावर जाल.

सेल कोणते

९ व्होल्टची चौकोनी बॅटरी मनातून काढून टाका. आकार मुठीत छान बसतो, व्होल्टेज भरपूर दिसतं, म्हणून नवशिक्याचा हात आधी तिच्याकडेच जातो. पण तिच्या आत सहा चिमुकले सेल ओळीत असतात, आतला रोध नवी असतानाच १ ते २ ओहम, आणि एकूण क्षमता साधारण ५०० मिलीअँपिअर-तास, तीही अगदी हळू वापरली तर. शिवाय नॅनोच्या व्हीआयएन पिनला (बाहेरची वीज घेणारी पिन) ९ व्होल्ट देऊन त्याच्या ५ व्होल्टच्या पिनवरून आवाज आणि दिवे चालवले तर मधल्या ४ व्होल्टांची नुसती उष्णता होते. ४०० मिलीअँपिअर ओढले तर नॅनोवरच्या नखाएवढ्या रेग्युलेटरमध्ये (व्होल्टेज ५ वर आणणारा भाग) १.६ वॅट. तो तापून स्वतःला बंद करतो, थंड झाला की परत चालू होतो. दोन-चार मिनिटांनी बंद पडणारा आणि थोडा वेळ ठेवला की बरा होणारा प्रॉप असेल तर आधी नॅनोच्या रेग्युलेटरला बोट लावून बघा. जपून लावा, चटका बसतो.

बटण सेल, म्हणजे सीआर२०३२, एखाद्या एलईडीसाठी उत्तम. त्याच्या आतला रोध दहा ओहमच्या वर, कधी कधी कितीतरी वर असतो. त्यावर आवाज चालवायचा विचारही नको.

तीन अल्कलाइन पेन्सिल सेलचं काय होतं ते वर पाहिलंच. चार अल्कलाइन घालावे तर नवे असताना ६.४ व्होल्टपर्यंत जातात. डीएफप्लेअरची मर्यादा ५, डब्ल्यूएस२८१२बीची ५.३. थेट जोडू नका.

मला सगळ्यात समाधान दिलं ते चार रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड पेन्सिल सेलांनी. वर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं म्हणून लोक त्यांना दुबळे समजतात. खरं तर त्यांचा आतला रोध अल्कलाइनच्या कितीतरी खाली असतो, चांगल्या सेलचा ३० ते ५० मिलीओहम. चार मिळून ०.२ ओहमच्या आत. त्याच १.७ अँपिअरला सेलमध्ये जातात जेमतेम ०.३ व्होल्ट. नाव ४.८ व्होल्टचं, पण ते व्होल्टेज ओझ्याखाली टिकतं. एकच काळजी घ्यायची. चार्जरमधून नुकते काढले की चार मिळून ५.६ पर्यंत दिसतात. काही तास तसेच पडू द्या, आणि ओळीत १एन५८२२ हा शॉटकी डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घाला. त्यावर ०.४ च्या आसपास व्होल्ट जातात आणि वरची मर्यादा सांभाळली जाते. सेल उलटे बसले तरी हा डायोड सर्किट वाचवतो, आणि घाईत सेल भरणाऱ्याच्या हातून ते उलटे बसतातच.

लिथियम-आयनचा एक सेल आणि ५ व्होल्टपर्यंत चढवणारा बूस्ट कन्व्हर्टर, ही रचनाही चांगली आहे. पण तिचा स्वभाव ओळखा. ५ व्होल्टला १ अँपिअर हवा असेल आणि सेल ३.५ व्होल्टवर असेल, तर कन्व्हर्टर ८५ टक्के कार्यक्षम धरूनही सेलमधून जवळजवळ १.७ अँपिअर ओढले जातात. सेल जसजसा उतरतो तसतशी ही ओढ वाढते. त्यामुळे प्रॉप शेवटपर्यंत ठणठणीत राहतो आणि मग एकदम कोसळतो. सेलवर थेट सोल्डरिंग करू नका, होल्डर वापरा किंवा पट्ट्या लावूनच आलेला सेल घ्या, आणि संरक्षण सर्किटशिवायचा सेल मुठीत कोंबू नका.

पॉवर बँक बसवली असेल तर अडचण उलटी दिसते. धमाक्याला काही होत नाही, शांत बसलं की प्रॉप बंद पडतो. फोन चार्ज होऊन गेला अशी बऱ्याच पॉवर बँकांची समजूत होते, कारण करंट फार कमी असतो. रिंग मंद तेवत ठेवली की पॉवर बँक जागी राहते.

सेलपासून मॉड्यूलपर्यंतची वाट

माझा अर्धा व्होल्ट जिथे गेला ती ही जागा. आधी शोधायची रीत. तीच सुराची चाचणी चालू ठेवा. मीटरचं काळं टोक सेलच्या ऋण टोकावर आणि लाल टोक डीएफप्लेअरच्या ग्राउंड पिनवर (ऋण बाजूची सामाईक पिन). दोन्ही "ग्राउंड"च आहेत, म्हणजे शून्य दिसायला हवं. जे दिसेल तेवढं व्होल्टेज परतीच्या वाटेवर जातंय. मग लाल टोक एकेक जोड मागे सरकवत या. आकडा जिथे एकदम कमी होतो, त्या टप्प्यात दोष. धन बाजूलाही असंच. मला माझा दोष दोन ठिकाणी मिळाला, होल्डरच्या स्प्रिंगवर आणि वायरमध्ये.

वायर म्हणून मी ब्रेडबोर्डच्या (सोल्डर न करता जोडणी करून बघायचा बोर्ड) जंपर वायरी तशाच वापरल्या होत्या. दिसायला जाड, आत तांबं बारीक. ३० गेजच्या (गेजचा आकडा मोठा तितकी वायर बारीक) तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे ०.३४ ओहम असतो, २२ गेजचा सुमारे ०.०५. मूठ ते नळी ४० सेंटीमीटर धरलं तर जाऊन-येऊन ८० होतात. बारीक वायरीत ०.२७ ओहम, १.७ अँपिअरला ०.४६ व्होल्ट गेले. जाड वायरीत ०.०७. वायर बदलणं हे दहा मिनिटांचं काम आहे आणि याहून जास्त फायदा देणारं दुसरं काम या सगळ्यात मला सापडलं नाही. डेटाच्या आणि बटणाच्या वायरी बारीक चालतात, त्यांतून करंट नगण्य जातो. फक्त वीज नेणारी जोडी जाड करा.

होल्डरच्या स्प्रिंगवर गंज किंवा काळा थर असेल तर तो घासून काढा. स्प्रिंग पोलादाची आणि बारीक असेल तर तिच्या बुडापासून टोकापर्यंत एक छोटी तांब्याची वायर सोल्डर करा, म्हणजे करंट पोलादातून वळसे घालत जाणार नाही. खटक्यावर लिहिलेली क्षमता बघा. फार छोटे सरकते खटके ३०० मिलीअँपिअरसाठीच बनवलेले असतात. आणि अंतिम प्रॉपमध्ये ब्रेडबोर्ड ठेवू नका. त्याच्या पकडी हलण्याने सैल होतात आणि प्रॉप तर हलवायलाच केलेला असतो.

जोडणी कशी फिरवायची

सर्वसाधारण नवशिकी जोडणी माळेसारखी असते. सेलवरून वायर नॅनोला, नॅनोवरून डीएफप्लेअरला, तिथून रिंगला. जवळचं जवळ जोडलं, वायर वाचली. पण त्यामुळे रिंगचा आणि स्पीकरचा सगळा करंट नॅनोच्या वायरीतून जातो आणि त्यावर पडलेलं व्होल्टेज नॅनोलाही भोगावं लागतं.

खटक्यानंतर लगेच एक ठिकाण ठरवा, साध्या डॉटबोर्डाचा तुकडाही चालेल, आणि तिथून तिघांना वेगवेगळ्या जोड्या न्या. ग्राउंडसुद्धा तिथेच एकत्र आणा. तिघांचा ग्राउंड एकच हवा, फक्त तो एका जागी जुळावा.

नॅनोच्या जोडीत एक छोटा शॉटकी डायोड, १एन५८१९, ओळीत टाका आणि त्याच्या पलीकडे, नॅनोच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंड पिनांजवळ, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवून ठेवणारा भाग). धमाक्याच्या क्षणी मुख्य वाटेवर व्होल्टेज बसलं तरी डायोडमुळे कपॅसिटरमधली वीज मागे जात नाही, आणि नॅनो त्यावर पन्नासेक मिलीसेकंद तग धरतो. दिवे लुकलुकतील कदाचित, पण रीसेट होऊन सुरुवातीचा आवाज पुन्हा वाजणार नाही. प्रेक्षकासमोर हा फरक फार मोठा असतो.

कपॅसिटरकडून किती अपेक्षा ठेवायची

"मोठा कपॅसिटर लावा" हा सल्ला तुम्हाला सगळीकडे मिळेल. तो अर्धाच बरोबर आहे. रिंगच्या विजेच्या पिनांवर १००० मायक्रोफॅरड, ६.३ व्होल्ट किंवा जास्तीचा, लावाच. चालू होतानाचे आणि रंग बदलतानाचे धक्के तो झेलतो. पण हिशोब बघा: १ अँपिअर मागणी १००० मायक्रोफॅरडने एकट्याने भागवली तर एका मिलीसेकंदात १ व्होल्ट उतरतो. अर्धा सेकंद चालणारा धमाका त्याच्या भरवशावर काढायचा तर अर्धा फॅरड लागेल, म्हणजे असे पाचशे कपॅसिटर. अशक्त सेल आणि बारीक वायर यांवर कपॅसिटर हा उपाय नाही. आधी ते दोन सुधारा, मग कपॅसिटर आपलं काम चोख करतो.

बसवताना पट्टा असलेली बाजू ऋण. उलटा लावलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुगतो आणि फुटतो.

मागणीच कमी केली तर

इथे मला सगळ्यात जास्त मजा आली, कारण दिसण्या-ऐकण्यात काही न गमावता करंट निम्म्याखाली येतो.

पहिली गोष्ट स्पीकर. उघडा स्पीकर पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ओढतो, आणि पुढचा-मागचा आवाज एकमेकांना मारतात. म्हणून उघडा स्पीकर कितीही जोरात लावला तरी पत्र्यासारखा वाजतो. त्याची मागची बाजू एका छोट्या बंद डबीत घ्या, कडा गोंदाने हवाबंद करा, आणि पुढे प्रॉपच्या अंगाला पुरेशी भोकं ठेवा. हे केल्यावर मी डीएफप्लेअरचा आवाज ३० वरून २१ वर आणला आणि तरी पूर्वीपेक्षा भरदार ऐकू आला. ४ ओहमऐवजी ८ ओहमचा स्पीकर घेतला तर त्याच व्होल्टेजला करंट निम्मा होतो.

दुसरी गोष्ट ध्वनीची फाइल. अंगठ्याएवढा स्पीकर २०० हर्ट्झच्या खालचा आवाज जवळजवळ काढूच शकत नाही. पण स्फोटाच्या फाइलीत तोच भाग सगळ्यात तगडा असतो, आणि तो वाजवायचा निष्फळ प्रयत्न करताना अँप्लिफायर करंट ओढत राहतो. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्राममध्ये फाइल उघडा, हाय-पास फिल्टर (ठरवलेल्या हर्ट्झच्या खालचा आवाज गाळणारा) २५० हर्ट्झला लावा आणि नव्याने साठवा. ऐकायला काही कमी होत नाही, उलट घरघर जाते. फुकटात मिळालेला हा करंट आहे.

तिसरं, रंग. पूर्ण पांढऱ्याऐवजी नुसता निळा किंवा लाल वापरला की एलईडींची मागणी एक-तृतीयांश. किरण-बंदूक निळीच जास्त शोभते, असं माझं ठाम मत आहे. फास्टएलईडी लायब्ररीत (असे एलईडी चालवणारा तयार कोड) एकूण किती मिलीअँपिअरच्या वर जायचं नाही ते ठरवून देण्याची सोय आहे. ती मर्यादा ४०० वर ठेवा, बाकीचं लायब्ररी सांभाळते.

चौथं, वेळ. झोत आणि धमाका एकाच क्षणी नको. आधी ८० मिलीसेकंद पूर्ण उजेड, तो उतरायला लागला की आवाज. डोळ्याला आणि कानाला ते एकत्रच वाटतं.

याच्यासारखेच दिसणारे दुसरे बिघाड

सगळं करूनही अडचण राहिली तर आधी स्पीकरच्या वायरी बघा. डीएफप्लेअरच्या स्पीकरच्या दोन्ही पिना जिवंत असतात, त्यांतली एकही ग्राउंड नाही. वायर वाचवायला स्पीकरची काळी वायर कोणी सामाईक ग्राउंडला जोडली, किंवा स्पीकरची धातूची पाटी नळीच्या धातूला टेकली आणि वायर सोललेली असली, की मॉड्यूल तापतं, आवाज चिरकतो आणि विजेच्या तुटवड्यासारखीच सगळी लक्षणं दिसतात.

दिवे अजिबात हलत नाहीत आणि फक्त आवाज गायब होतो, तर कार्डाकडे वळा. ३२ जीबीपर्यंतचं, फॅट३२ फॉरमॅट केलेलं कार्ड हवं. भलताच आवाज वाजत असेल तर क्रमाचा घोळ आहे. साध्या क्रमांकाने वाजवताना मॉड्यूल फाइलींची नावं बघत नाही, त्या कार्डवर कोणत्या क्रमाने उतरवल्या ते बघतं. कार्ड रिकामं करून फाइली एकेक करून, हव्या त्या क्रमाने उतरवा.

रिंग वेड्यासारखे रंग दाखवते पण रीसेट होत नाही, तर डेटाच्या वायरीत रिंगजवळ ३०० ते ५०० ओहमचा रोध घाला आणि ग्राउंड नीट जुळलाय का बघा.

रिंगऐवजी साधे एलईडी वापरत असाल तर प्रत्येकाला स्वतःचा रोध द्या. ५ व्होल्टवर लाल एलईडीला, २० मिलीअँपिअरसाठी, ५ वजा २ भागिले ०.०२, म्हणजे १५० ओहम. पांढऱ्याला ३.२ व्होल्ट धरून ९० येतात, १०० घाला. थेट लिथियम सेलवर पांढरा एलईडी लावायचा असेल तर जरा थांबा: ३.७ व्होल्ट धरून २५ ओहम काढले, तर पूर्ण चार्ज झालेल्या ४.२ व्होल्टला त्यातून ४० मिलीअँपिअर जातात, दुप्पट. हिशोब नेहमी सेलच्या सगळ्यात वरच्या व्होल्टेजवर करा. नॅनोच्या एका पिनवरून २० मिलीअँपिअरहून जास्त घेऊ नका. ४० ही तिची सोसायची शेवटची मर्यादा आहे.

आणि एक छोटी पण छळणारी गोष्ट. साधे एलईडी मंद केले की स्पीकरमधून बारीक सलग सूर येतो. नॅनो दिवे मंद करताना ते सेकंदाला सुमारे ४९० वेळा चालू-बंद करतो, आणि तोच सूर ग्राउंडच्या वायरीतून आवाजात शिरतो. वीज एका जागेवरून वाटून घेतली की हा सूर बहुतेक जातो. टिकटिक येत असेल तर नॅनोकडून डीएफप्लेअरच्या आरएक्स पिनला (नॅनोच्या आज्ञा घेणारी पिन) जाणाऱ्या वायरीत १ किलोओहमचा रोध घाला.

बंद करण्याआधी

प्रॉपचं अंग चिकटवून टाकण्याआधी शेवटची चाचणी अर्धवट उतरलेल्या सेलवर घ्या. नव्या सेलवर सगळंच चालतं. मी अल्कलाइनचे वापरलेले सेल एका डबीत जपून ठेवतो ते यासाठीच. चार निकेल-मेटल हायड्राइडच्या जागी तीन वापरलेले अल्कलाइन घालायचे, डायोड तसाच, आणि सलग वीस धमाके वाजवायचे. १३ नंबरचा दिवा एकदाही मध्येच लुकलुकला नाही तर चिकटवायला घ्या. माझ्या बंदुकीत अकराव्या धमाक्याला तो लुकलुकला होता. होल्डरच्या स्प्रिंगवर तांब्याची वायर सोल्डर केली ती त्यानंतर, आणि मग वीसच्या वीस निघाले.